हा नाद सुटेल का?

प्रश्न

पत्र पाठवणारे वाचक २८ वर्षांचे आहेत. कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत राहतात, तिथल्याच तालीम मंडळाचे कार्यकर्ते आहेत आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये नोकरी करतात. गेल्या अनंत चतुर्दशीला मिरजकर तिकटीपासून पापाच्या तिकटीपर्यंत डॉल्बीच्या भिंतीपुढं ते सहा-सात तास नाचत होते. दुसऱ्या दिवशी दोन्ही कानांना दडे बसले आणि आत बारीक शिट्टी सुरू झाली. दरवर्षी हे दोन-तीन दिवसांत जायचं. या वेळी दडे सुटले, शिट्टी राहिली. त्याला आता साडेचार महिने होतील.

आईनं लसूण तापवलेलं तेल घातलं, ओळखीच्या एकानं ‘नसेच्या’ गोळ्या दिल्या, नेटवरून मागवलेल्या थेंबांत चार हजार गेले. थंडीतही पंखा पाचवर ठेवल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. बायकोला पाचवा महिना आहे; ती गारठून दुसऱ्या खोलीत झोपते. रोज सकाळी उठल्याबरोबर ‘आज १० पैकी किती’ अशी ते मोबाइलमध्ये नोंद करतात. मित्र ‘एवढ्यानं काय हुतंय’ म्हणून हसले. शिवजयंती तोंडावर आलीय आणि साउंडवाल्याला बयाणा द्यायचं काम नेहमीप्रमाणे यांच्याकडंच आहे. ते विचारतात : ‘एका रात्रीच्या चुकीची शिक्षा जन्मभर भोगायची का? मला फक्त पूर्वीची शांतता परत पाहिजे. तालीम सोडू, की गप्प बसून जाऊ? आणि बाळ झाल्यावर त्याचं रडणं मला नीट ऐकू येईल ना?’

उत्तर

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर सगळ्यांत सोपं आहे आणि तेच मिळवायचं तुम्ही साडेचार महिने टाळलंय. बाळाचं रडणं ऐकू येईल का? बहुतेक येईल. पण ‘बहुतेक’वर का थांबायचं? तेल झालं, गोळ्या झाल्या, चार हजारांचे थेंब झाले. कानाची तपासणी मात्र तुमच्या पत्रात कुठंच नाही.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडं जा. ते आधी कानात डोकावतील. कधी कधी पडद्याला चिकटलेला मळच निम्मा त्रास देत असतो, आणि तेल घातल्यावर तो काही आपोआप निघून जात नाही. (हे आईंना ऐकवू नका. मायेनं केलंय त्यांनी. पण पुन्हा घालून घेऊ नका, तापवलेलं तर नाहीच.) मग ऑडिओलॉजिस्ट तुम्हाला आवाजबंद खोलीत बसवून हेडफोनमधून बारीकबारीक सूर ऐकवतील. ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच. त्यातून जो आलेख निघतो तो ऑडिओग्राम. सीपीआर या सरकारी रुग्णालयात होतो, खासगीत होतो, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड असेल तर तिकडून सोय होते. थेंबांवर गेले त्याच्या कितीतरी कमी पैशांत होतो.

आवाजानं दुखावलेल्या कानाची या आलेखावर एक खूण असते. रेषा बऱ्यापैकी सरळ चाललेली असते आणि ४००० हर्ट्झच्या, म्हणजे बऱ्याच उंच सुराच्या आसपास एकदम खड्ड्यात जाते. तुमची शिट्टी बारीक, उंच सुरातली आहे असं तुम्ही लिहिलंय, ते याच्याशी जुळतं. बहुतेकांना शिट्टी साधारण त्या खड्ड्याच्या जवळपासच्या सुरात ऐकू येते. बाळाच्या रडण्याचा मूळ सूर त्याच्या पुष्कळ खाली, चारशे-पाचशे हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणून मी ‘बहुतेक येईल’ म्हटलं. खड्डा असेल तर अडचण वेगळ्या ठिकाणी येते : स, श, फ, थ ही अक्षरं निसटतात, लग्नाच्या पंगतीत शेजारचा काय बोलला ते कळत नाही, बायको स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली एवढं कळतं पण काय म्हणाली ते नाही. असं होतंय का, हे तिलाच विचारा. ती तुमच्यापेक्षा खरं सांगेल.

इथं इतर वाचकांसाठी थोडं थांबते. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धपधप असा येत असेल, बरोबर चक्कर येत असेल, कान वाहत असेल किंवा तोंडाची एक बाजू ढिली पडली असेल, तर घरगुती काहीही करत बसू नका. आणि एखाद्या सकाळी उठल्यावर एका कानानं ऐकू येणंच अचानक कमी झालं असेल, तर ते सर्दीनं झालं असेल म्हणून आठवडा घालवू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यावरचा स्टेरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत, आणि जितक्या लवकर तितका बरा, असा असतो.

आता शिट्टीकडं. ती येते कुठून हे नीट समजलं तर तुमचे पुढचे चार हजार वाचतील.

कानाच्या पार आत, वाटाण्याएवढ्या जागेत गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी असते. तिच्यात साधारण १५,००० केशपेशी. आवाजाच्या लाटेनं त्यांच्यावरचे केस हलतात, त्याचा विजेचा संदेश होतो आणि तो नसेतून मेंदूकडं जातो. जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीत उगवतात, पण कोल्हापुरातल्या कोंबडीला त्याचा फार काळ उपयोग होत नाही, ते सोडा. गवतावरून एकदा कुणी चालून गेलं तर गवत वाकतं आणि दुसऱ्या दिवशी उठतं. दरवर्षी दोन-तीन दिवसांत तुमचे दडे सुटायचे ते हे उठणं. पण त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा चालत राहिलं की पायवाट पडते. या वर्षी तुमच्या कानात ती पडलेली दिसते.

मग त्या जागेवरून मेंदूला संदेश कमी जायला लागतात, आणि मेंदू काय करतो? माझे वडील रेडिओचं करायचे ते. स्टेशन लांबचं असलं, नीट लागत नसलं की ते आवाजाचं बटण पिळायचे. स्टेशन तेवढंच अस्पष्ट राहायचं, खरखर मात्र खोलीभर व्हायची. तुमचा मेंदू हरवलेला सूर शोधण्यासाठी बटण पिळतोय आणि त्याची स्वतःची खरखर तुम्हाला ऐकू येतेय. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायाची बोटं दुखतात, त्याच जातीची ही गोष्ट. म्हणजे शिट्टी खरी आहे, मनाचे खेळ नाहीत, आणि तिथवर थेंब पोहोचायचा प्रश्नच येत नाही. थेंब पडद्याच्या अलीकडंच राहतात. गोळ्यांचंही फार वेगळं नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ साली यावर सूचना काढल्या, त्यात जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक, मेलाटोनिन, जीवनसत्त्वांच्या पुड्या यांची शिफारस करू नये असं स्पष्ट म्हटलंय. ‘नसेच्या’ गोळ्यांची पट्टी तपासणीला जाताना बरोबर न्या. काय घेत होतो ते डॉक्टरांना कळलेलं बरं. चहा सोडायला कुणी सांगितला असेल तर त्याचंही ऐकायची गरज नाही.

तुम्ही लिहिता, ‘मला फक्त पूर्वीची शांतता परत पाहिजे.’ या ‘फक्त’पाशी मी अडखळले. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोन संशोधकांनी ऐकण्याची काहीही तक्रार नसलेल्या ८० माणसांना आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते विचारलं. त्यांतल्या ९४ टक्के लोकांनी काही ना काही सांगितलं : गुणगुण, शिट्टी, किर्र, सूं. खोलीत तर काहीच नव्हतं. म्हणजे जी शांतता तुम्ही परत मागताय, ती बहुतेकांजवळ मुळात नसतेच. असतं ते लक्ष नसणं. तुमचा आवाज त्या लोकांपेक्षा मोठा असेल, मान्य. पण तुमचं हरवलंय ते मुख्यतः हे लक्ष नसणं, आणि ते परत मिळू शकतं.

कसबा बावड्यात तुमचं कुणी पाव्हणं-रावळं असेल. गळीत हंगामात तिथं गेलं की वेशीपासून मळीचा वास नाकात शिरतो. आपण रुमाल काढतो. ते मजेत चहा पीत बसलेले असतात, ‘कसला वास?’ म्हणून विचारतात. खोटं बोलत नसतात. त्यांच्या नाकाला वास येतो, पण तो वास त्यांना काही सांगत नाही. घर जळतंय, गॅस गळतोय, काहीतरी सडलंय, असा त्याचा काहीच अर्थ नसतो. म्हणून मेंदू तो दारातूनच परत पाठवतो. यात एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते : बावड्याच्या कुणीही वासाकडं दुर्लक्ष करायचा सराव केलेला नाही. म्हणून तुम्हाला ‘दुर्लक्ष कर रे’ असं सांगणारे कितीही भल्या मनाचे असले तरी ते निरुपयोगी सांगतायत. दुर्लक्ष करायचं म्हणून ठरवलं की आधी त्या गोष्टीकडं बघावं लागतं. आवाजाचा अर्थ बदलावा लागतो, मग लक्ष आपोआप सुटतं.

सध्या तुमच्यासाठी त्याचा अर्थ आहे : शिक्षा, बिघाड, बाळाचं रडणं ऐकू न येणं. एवढं सगळं ज्या आवाजात भरलंय, त्याच्यावरचा पहारा मेंदू कसा उठवेल?

माझे वडील उद्यमनगरात लेथवर होते, तीस वर्षं. घरात सगळे मोठ्यानं बोलायचो, त्यात काही विशेष वाटायचं नाही. निवृत्त झाल्यावर एकदा मार्चच्या उकाड्यात आम्ही गच्चीवर अंथरुणं टाकली होती. वारा नाही, पान हलत नव्हतं. ते म्हणाले, ‘आज रातकिडे लई वरडाल्यात.’ एकही रातकिडा नव्हता. मी विचारलं कधीपासून ऐकू येतात, तर म्हणाले, ‘कवाबी येत्यात. तुला न्हाई येत?’ त्यांना वाटायचं सगळ्या माणसांना रात्री असंच ऐकू येतं. पंधरा-वीस वर्षं तो आवाज कानात होता आणि त्यांनी त्यापायी एकही रात्र जागून काढली नव्हती. मी काही फार आनंदानं ही गोष्ट सांगत नाही. त्यांचं ऐकणं खरंच गेलेलं होतं, वेळेवर तपासलं असतं तर श्रवणयंत्र मिळालं असतं आणि शेवटची वर्षं त्यांच्याशी ओरडून बोलावं लागलं नसतं. पण आवाजाचं दुःख त्यांना नव्हतं, कारण तो आजार आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तुम्हाला ते अज्ञान परत मिळणार नाही. तरी एक गोष्ट आजपासून करता येईल. ती मोबाइलमधली नोंद बंद करा. रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी तुम्ही त्याला हाक मारता, ‘आहेस का, किती आहेस?’ आणि तो ओ देतो. १३०-१३५ वेळा मारून झाली ही हाक. पुसून टाकायची नसेल तर फाइल बायकोकडं देऊन ठेवा. महिन्यातून एकदा तिनं विचारायचं, ‘झोप कशी आहे, कामात लक्ष लागतं का?’ आवाज किती, हे विचारायचं नाही.

साडेचार महिने हा तसा मधला काळ आहे. काहींचा आवाज या पुढच्या महिन्यांतही आपसूक कमी होतो, काहींचा राहतो. जे राहतात त्यांतल्याही बऱ्याच जणांना वर्ष-दीड वर्षानं तो दिवसातले तासन् तास आठवतही नाही. तोपर्यंत जीव फारच टांगणीला लागला, तर सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी नावाचा समुपदेशनाचा प्रकार आहे. आवाज लहान होईल असं त्यात कुणी सांगत नाही, आवाजानं होणारा त्रास कमी होतो, आणि याला आजवरचा सगळ्यांत भक्कम पुरावा आहे. ऑडिओग्राममध्ये ऐकणं कमी निघालं तर श्रवणयंत्राचाही दुहेरी उपयोग होतो : बाहेरचे सूर आत गेले की मेंदू बटण थोडं सैल सोडतो. आणि ‘जन्मभर’ हा शब्द रात्री दोन वाजता फार जड झाला, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारच्या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. मन कच्चं असणाऱ्यांसाठीच तो असतो, असं काही नाही.

आता ‘एका रात्रीची चूक’. तुम्ही ज्या ओळीत नोकरी सांगितली ती ओळ पुन्हा वाचा. मशीन शॉप. कान वहीखात्यासारखं काम करतो. कुठल्या आवाजाला गेलो होतो हे त्याला कळत नाही, किती आणि किती वेळ एवढंच तो मांडतो. हिशोब असा असतो : ८५ डेसिबलला आठ तास ही साधारण सुरक्षित मर्यादा. त्यापुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला फक्त पंधरा मिनिटं, १०६ ला चार मिनिटंसुद्धा नाहीत. डॉल्बीच्या भिंतीपुढं छातीचा पिंजरा हलतो तिथं शंभरच्या किती वर असतं ते तुमचं तुम्हीच ताडा, आणि तुम्ही होता सहा-सात तास. पण त्याआधीची सात-आठ वर्षंही त्याच वहीत आहेत : शिफ्टचे आठ तास, दरवर्षीची मिरवणूक, आणि हेल्मेटखाली इअरफोन असतातच असं मी गृहीत धरते. रागावू नका, माझा भाचाही तेच करतो. तेव्हा स्वतःला त्या एका रात्रीचा गुन्हेगार ठरवणं हिशोबालाही धरून नाही.

याचा उपयोग अपराधीपणा कमी होण्यापुरताच नाही. पुढचं नुकसान रोज होत असेल तर ते रोजच थांबवावं लागेल. आपल्याकडं कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे, आणि आवाजामुळं आलेला बहिरेपणा कायद्यानं कळवण्याजोग्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. इअरमफ मागणं म्हणजे नखरे नव्हेत. सेफ्टी ऑफिसरकडं लेखी मागा. आणि ऑडिओग्रामची प्रत जपून ठेवा; पुढच्या वर्षी तुलनेला लागेल.

मात्र उलट्या टोकालाही जाऊ नका. काही जण घाबरून दिवसभर कानांत बोळे घालून बसतात. घरात, एसटीत, भाजी घेतानासुद्धा. त्यानं बाहेरचे साधे आवाज बंद होतात, आतला एकटा उरतो आणि मेंदू बटण अजून पिळतो. काही महिन्यांनी भांडं पडलेलंही सहन होत नाही. रंकाळ्यावर फिरायला जाताना कानांत काही नको. ग्राइंडर, मिरवणूक, लग्नातला बँड, मशीन शॉप : तिथं हवंच.

काय घालायचं? कापूस नाही. कापसाचा बोळा म्हणजे कानाची निव्वळ समजूत काढणं. फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये किंवा औद्योगिक सेफ्टी सामानाच्या दुकानात मिळतात, वडापावाच्या आसपासच्या भावात जोडी. ते नुसते कानात टेकवून चालत नाहीत. बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून आणून कान वर-मागं ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि अर्धा मिनिट बोट धरून ठेवायचं, म्हणजे तो आत फुलतो. बरोबर बसला की स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा येतो. गाणं नीट ऐकू यायला हवं असेल तर वादकांसाठीचे फिल्टरचे प्लग येतात, थोडे महाग, पण वर्षानुवर्षं टिकतात.

राहिली तालीम. सोडू की गप्प जाऊ, असं तुम्ही विचारताय, जणू तिसरी वाटच नाही. मला दोन्ही पटत नाही. तालीम सोडलीत तर घर-कारखाना-घर एवढंच उरेल, आणि रिकाम्या संध्याकाळइतकी शिट्टीला मानवणारी दुसरी जागा नाही. गप्प गेलात तर सहा महिन्यांनी मला पुन्हा पत्र लिहाल.

मित्र हसले त्याचं मला नवल वाटत नाही. कोल्हापूर हे कानांवरून माणूस ओळखणारं गाव. चुरमडलेल्या, गाठी पडलेल्या कानांचा माणूस चहाच्या टपरीवर आला की पोरं बाकावरून उठतात. पैलवान आहे हे सांगावं लागत नाही. तुमचे कान आतून मोडलेत आणि बाहेरून गुळगुळीत आहेत, म्हणून कुणी उठत नाही. पण तालमीच्याच भाषेत सांगता येईल. खांदा निखळलेल्या पैलवानाला वस्ताद ‘एवढ्यानं काय हुतंय’ म्हणून आखाड्यात ढकलत नाहीत. तो महिनाभर कडेला बसतो, मातीत पाणी घालतो, नव्या पोरांना डाव सांगतो, आणि कुणी त्याला तालमीतून गेला असं म्हणत नाही. तुम्ही सध्या ते आहात.

सगळ्यांपुढं बैठकीत उभं राहून भाषण करू नका. तिथं एक जण हसला की बाकीच्यांना हसावंच लागतं. एकेकट्याला गाठा. मिसळ खाताना सहज विचारा, ‘मिरवणुकीनंतर तुझे दडे किती दिवसांनी सुटले?’ माझी खात्री आहे, निम्म्यांकडं सांगण्यासारखं काही ना काही निघेल, आणि तुमच्यासारखा शिट्टीवाला एक तरी सापडेल, जो आजवर कुणाशी बोललेला नाही. मग बयाण्याचा विषय काढा. ते काम तुमच्याकडं आहे हे तुम्ही ओझं म्हणून लिहिलंय. मला तर ती चावी वाटते. ऑर्डर देणारा माणूस पेट्या किती, हे ठरवू शकतो. पोरांना भिंतीपासून लांब ठेवायचा दोर लावू शकतो. दर तासाला नाचणारे बदलायचा नियम घालू शकतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल उतरतात. महाद्वार रोडवर दोन्हीकडं इमारती, त्यामुळं तेवढे नाही उतरत, पण उतरतात.

आणि तब्येतीचं कारण पटत नसेल त्यांना कायद्याचं सांगा, ते लवकर पटतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ती वेळ १२ पर्यंत वाढवू शकतं. पोलीस मीटर घेऊन उभे असतात, गुन्हा अध्यक्षांवर दाखल होतो, पासपोर्ट काढायच्या वयातली पोरं कोर्टाच्या तारखा करत बसतात. अध्यक्षांना एवढं ऐकवलं की पेट्या कमी होतात, असा माझ्या पेठेतला अनुभव आहे.

डॉल्बी नको, हलगी-घुमकं-कैताळ आणा, असं मी लिहीन अशी अपेक्षा असेल. आणा, मलाही आवडतं. हलगी कडाडली की या वयातही पाय थांबत नाहीत. पण कानाला परंपरा कळत नाही. ताशाच्या शेजारी उभं राहिलं तर तोही शंभरी सहज ओलांडतो. तिथंही प्लग लागणारच, वाजवणाऱ्याला तर आधी.

या शिवजयंतीला मात्र तुम्ही भिंतीपुढं नका जाऊ. पालखीपाशी राहा, गर्दी सांभाळा, पाणी वाटा, प्लग घालून. हसतील. पुढच्या वर्षी त्यांतले दोघं तुमच्याकडं येऊन ते कुठं मिळतात म्हणून विचारतील, आणि तेव्हा तुम्ही हसू नका.

झोपेचं शेवटी ठेवलं, कारण ते आज रात्रीच करायचं आहे. पंखा पाचवर ठेवून तुम्ही शिट्टी बुडवून टाकता. मग पहाटे वीज गेली की ती एकदम अंगावर येते, आणि मेंदूला तिची सवय व्हायची संधीच मिळत नाही. शिट्टी थोडी ऐकू येत राहील आणि तिच्याबरोबर दुसरंही काहीतरी बेताचं ऐकू येईल, असा आवाज हवा. मोबाइलवर पावसाचा आवाज लावून तो खोलीच्या कोपऱ्यात ठेवा, उशाला नको आणि कानात तर मुळीच नको. झोप येत नसेल तर कूस बदलत पडून राहू नका. उठून बसा, शेंगा सोला, पेपर वाचा, डोळे मिटायला लागले की परत या. आणि पंखा पाचवरून आधी तीनवर आणा, आठवड्यानं दोनवर. बायकोला सांगून आणा, म्हणजे ती तिची गोधडी घेऊन परत या खोलीत येईल.